तीन वर्षांत आटोपलेल्या मोटार कंपनीचा इतिहास कसा जुळवायचा

अमेरिकेत मोटारीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत शेकड्यांनी कंपन्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा बघता बघता गाशा गुंडाळून मोकळ्या झाल्या. अशा एखाद्या कंपनीचा इतिहास लिहायला घेतला की वाटतं, कागद कमी पडतील. कागद कमी असतातच, पण खरी डोकेदुखी वेगळीच असते. कंपनी संपते, पण ती काढणारी माणसं पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगतात, मुलाखती देतात, पत्रकं छापतात आणि दर खेपेला गोष्ट जरा आपल्या बाजूला सरकवतात. म्हणून मी संस्थापकांच्या आठवणी सगळ्यात शेवटी वाचते. त्याआधी एक तारीखवही करते आणि तीत प्रत्येक तारखेला कोण कुठे होतं एवढंच लिहिते. मतं नाहीत, श्रेय नाही. फक्त माणूस, गाव, दिवस.

हे करून दाखवायला ड्युरिया मोटर वॅगन कंपनी घेऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची ही कंपनी १८९५ मध्ये उभी राहिली, १८९६ मध्ये तिने एका नमुन्याच्या तेरा गाड्या बांधल्या आणि १८९८ मध्ये तिचा खेळ संपला. एकाच आराखड्यावरून ओळीने पेट्रोलच्या गाड्या बांधून विकणारी अमेरिकेतली पहिली कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मागे दोन भाऊ. चार्ल्सचा जन्म १८६१चा, फ्रँकचा १८६९चा. दोघेही मूळचे इलिनॉयचे, चार्ल्स सायकलींच्या धंद्यातला आणि फ्रँक हाताने काम करणारा कारागीर. गाडी नक्की कोणाची, या एका प्रश्नावरून दोघांचं जे फाटलं ते कायमचं. शिकायला याहून चांगली केस मिळायची नाही.

नावाच्या मागे लागू नका, गावाच्या लागा

पहिलं काम म्हणजे एकाच आडनावाखाली किती धंदे दडलेत ते वेगळं काढणं. ड्युरिया हे नाव तुम्हाला निदान चार ठिकाणी भेटेल. १८९३ची प्रयोगाची गाडी, जिच्यामागे कंपनी वगैरे काही नव्हती. मग आपली स्प्रिंगफील्डची कंपनी. ती संपल्यावर फ्रँक जवळच्या चिकोपी फॉल्समध्ये स्टीव्हन्स या बंदुका बनवणाऱ्या कारखान्याबरोबर गेला, तिथली गाडी ती स्टीव्हन्स-ड्युरिया. ती चांगली महागडी आणि बरीच वर्षं चाललेली. आणि चार्ल्स पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगला जाऊन ड्युरिया पॉवर कंपनीच्या नावाने तीन सिलिंडरच्या, कधी तीन चाकांच्या गाड्या काढत बसला. या चौघींची सरमिसळ इतकी सर्रास होते की एखाद्या लेखात "ड्युरिया कंपनी १९०६ पर्यंत गाड्या बनवत होती" असं वाक्य दिसलं तर ते कोणत्या ड्युरियाबद्दल आहे हे लेखकालाही ठाऊक नसण्याची शक्यता धरा.

उपाय सोपा आहे. हाती आलेल्या प्रत्येक कागदावर आधी गावाचं नाव शोधा. स्प्रिंगफील्ड, चिकोपी फॉल्स, रेडिंग, आणि चार्ल्स मध्यंतरी जिथे गेला ते इलिनॉयमधलं पिओरिया. कंपनीचं नाव बदलतं, मालक बदलतात, पण गाव सहसा खोटं बोलत नाही. मी चार रंगांच्या पेन्सिली ठेवते, एका गावाला एक.

शोधताना आडनावाने अजून एक त्रास होतो, तो आधीच सांगून ठेवते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रं क्रॉनिकलिंग अमेरिका या नावाने फुकट खुली केली आहेत. त्यात नुसतं ड्युरिया टाकून शोध घेतलात तर मोटारीऐवजी मक्याच्या पिठाच्या जाहिराती धो धो कोसळतील. न्यू यॉर्कजवळच्या ग्लेन कोव्ह इथल्या ड्युरिया घराण्याचा स्टार्चचा मोठा कारखाना होता, आणि त्यांच्या डब्यांच्या जाहिराती देशभर छापून येत. शिवाय यादवी युद्धातली ड्युरियांची पलटण आहेच. तेव्हा आडनावाबरोबर दुसरा शब्द जोडलाच पाहिजे. आणि तो शब्द ऑटोमोबाइल नको, कारण १८९५ मध्ये हा शब्द अमेरिकेत अजून रुळायचा होता. मोटर वॅगन, हॉर्सलेस कॅरेज आणि मोटोसायकल, हे तिन्ही वेगवेगळे टाकून बघा. मोटोसायकल म्हणजे दुचाकी नव्हे बरं. तेव्हा चारचाकीलाही तसं म्हणत. आडनावाच्या शेवटी एकाच्या जागी दोन ई असलेलं स्पेलिंगही शोधा. जुन्या छपाईचं यंत्रवाचन अक्षरांची पार वाट लावतं.

धंद्यातली नियतकालिकं वृत्तपत्रांपेक्षा जास्त कामाची. हॉर्सलेस एज हे मासिक नोव्हेंबर १८९५ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्या कंपनीचं आणि त्याचं वय जवळजवळ एकच. त्याचे जुने अंक हाथीट्रस्ट आणि इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयांत पानापानाने चाळता येतात. चाळाच, नुसता शब्दशोध करू नका. शेजारच्या पानावर कोणाची जाहिरात आहे, कोणती कंपनी "लवकरच गाड्या देणार" म्हणून चार अंक ओरडते आणि मग गप्प होते, हे चाळल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात कोणती धरायची

"कंपनी कधी सुरू झाली" हा एक प्रश्न नसून पाच प्रश्न आहेत: कल्पना कधी, पैसे कधी, गाडी पहिल्यांदा हलली कधी, कंपनीचे कागद कधी आणि पहिली विक्री कधी. प्रत्येकाला वहीत वेगळी ओळ द्या. ड्युरियांच्या बाबतीत त्या ओळी अशा पडतात. मार्च १८९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या अर्विन मार्कहॅम यांनी प्रयोगासाठी एक हजार डॉलरपर्यंत पैसे लावायचं कबूल केलं. भावांनी सत्तर डॉलरला एक जुनी बग्गी विकत घेतली, तिच्यात एक सिलिंडरचं इंजिन बसवायचा घाट घातला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चार्ल्स सायकलींच्या कामासाठी इलिनॉयमधल्या पिओरियाला निघून गेला. फ्रँक मागे राहिला, मध्ये विषमज्वराने अंथरुणाला खिळला, उठला आणि पुन्हा कामाला लागला. २१ सप्टेंबर १८९३ला गाडी स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर चालली. कंपनी १८९५ला. विक्री १८९६ला.

आता या ओळींकडे बघून सांगा, "पहिली गाडी कोणी बनवली?" मूळ आराखडा चार्ल्सच्या डोक्यातला होता, यात फारसा वाद नाही. पण गाडी चालली त्याआधी वर्षभर तो स्प्रिंगफील्डमध्ये राहतच नव्हता. त्याचं इंजिन चालत नव्हतं, ते मी नव्याने केलं, असं फ्रँकचं म्हणणं. गाडी माझ्याच आराखड्याची आणि फ्रँक माझ्या हाताखालचा मेकॅनिक, असं चार्ल्सचं. चार्ल्स तर १८९२ हेच साल पुढे करत राहिला, आणि पुष्कळ जुन्या मजकुरांत ते तसंच उतरलंय. मोठा १९३८ मध्ये गेला, धाकटा १९६७ पर्यंत जगला. जवळजवळ तीस वर्षं प्रतिवादी हजर नसताना फिर्याद चालू राहिली, एवढं ध्यानात ठेवून त्या काळातलं सगळं वाचा.

मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केलेली बाई. आराखडा करणारा मोठा की जॉबला फाइल (कानस) मारणारा मोठा, हे भांडण मी रोज ऐकलंय. त्यामुळे माझा कल फ्रँककडे झुकतो हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला त्याची वजावट करता येईल. तुमचाही कल कुठे ना कुठे असणारच. वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

"अमेरिकेतली पहिली गाडी" या वादात मात्र अजिबात शिरू नका. ओहायोत जॉन लॅम्बर्टने १८९१ मध्ये तीन चाकांची पेट्रोलगाडी चालवली होती. इंडियानातल्या कोकोमोला एल्वुड हेन्सने ४ जुलै १८९४ला आपली गाडी काढली आणि पुढे त्याच्या कंपनीने "अमेरिकेची पहिली मोटार" अशी बिनदिक्कत जाहिरात केली. पहिलेपणाचा मान हा विक्रीचा माल होता. तो कोणी, कोणत्या वर्षी, काय विकायला वापरला हे टिपा आणि पुढे चला.

पेटंट कसं वाचायचं

पेटंट हा माझ्या आवडीचा कागद, म्हणून जरा थांबते. गूगलच्या पेटंट शोधात ५४०६४८ हा आकडा टाका. चार्ल्स ड्युरियाचं रस्त्यावरच्या वाहनाचं पेटंट समोर येईल. मंजुरीची तारीख ११ जून १८९५. बहुतेक लोक पहिली आकृती बघतात, वा वा करतात आणि बंद करतात. तुम्ही आधी मथळ्याखालच्या ओळी वाचा. अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगळ्या असतात. माणसाने कल्पना कधी कागदावर आणली याला अर्जाची तारीख जवळची. संशोधकाचं राहतं गाव लिहिलेलं असतं, ते तारीखवहीत उतरवा. हक्क दुसऱ्या कोणाच्या नावे केले असतील तर तेही तिथेच असतं, आणि पैसे कोणी लावले याचा धागा पुष्कळदा तिथेच सापडतो. खाली साक्षीदारांच्या सह्या असतात. साक्षीदार बरेचदा वकिलाच्या कचेरीतले कारकून निघतात, पण कधी कारखान्यातला माणूसही निघतो.

मग शेवटच्या पानावर जा. तिथे क्रमांक घालून जे दावे मांडलेले असतात तेवढ्यालाच कायद्याचं बळ. मधलं वर्णन कितीही रंगलेलं असो, दाव्यात नसलेली गोष्ट संरक्षित नाही. या पेटंटवर नाव एकट्या चार्ल्सचं आहे. यावरून "गाडी एकट्या चार्ल्सची" असं ठरवणारे लेख तुम्हाला भेटतील. तसं ठरत नाही. अर्ज कोणी केला एवढंच पेटंटवरून कळतं, आणि भावाभावांत अर्ज कोणी करायचा हे घरात ठरतं.

आणखी एक सावधगिरी. पेटंटातली आकृती म्हणजे रस्त्यावर धावलेली गाडी नव्हे. वकील दाव्याला सोयीचं चित्र काढून घेतात. गाडीचा तपशील हवा तर प्रत्यक्ष गाडी किंवा तिचा फोटो बघा. १८९५-९६च्या ड्युरियात स्टिअरिंगचं चाक नव्हतं, एक दांडा होता. तो डावी-उजवीकडे फिरवला की गाडी वळे आणि तोच वर-खाली केला की वेग बदले. एकाच हातात दोन कामं. हे कळलं की त्या काळचे फोटो बघताना चालकाचा हात कुठे आहे याकडे आपोआप लक्ष जातं.

शर्यतीची बातमी: गणित स्वतः करा

कंपनीला नाव मिळालं ते शिकागोच्या शर्यतीने. टाइम्स-हेरल्ड या वृत्तपत्राने ती भरवली होती. मुळात २ नोव्हेंबर १८९५ला व्हायची, पण गाड्या तयार नव्हत्या. त्या दिवशी नुसतीच एक फेरी झाली, वॉकीगनपर्यंत जाऊन परत. ती मुलरच्या बेन्झने जिंकली आणि ड्युरियांची गाडी खड्ड्यात गेली. हे ड्युरियांच्या गौरवगाथांमधून हळूच गळतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवा. खरी शर्यत २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. जॅक्सन पार्कपासून इव्हॅन्स्टनला जाऊन परत, सुमारे ५४ मैल. आदल्या रात्री बर्फ पडलेला. सहा गाड्या निघाल्या: तीन बेन्झ, दोन विजेच्या आणि एक ड्युरिया. शेवटपर्यंत पोचल्या दोनच.

इथे हिशोबाची गंमत बघा. फ्रँकची गाडी सकाळी ८ वाजून ५५ मिनिटांनी सुटली आणि संध्याकाळी ७ वाजून १८ मिनिटांनी पोचली. वजाबाकी करा: १० तास २३ मिनिटं. पण पुष्कळ ठिकाणी ७ तास ५३ मिनिटं असा आकडा दिसतो. कोण खोटं? कोणीच नाही. दुसरा आकडा गाडी प्रत्यक्ष चालत होती तेवढ्या वेळाचा. मधला अडीच तास दुरुस्तीत गेला: बर्फातल्या चाकोरीत आपटून स्टिअरिंगचा आर्म तुटला, तो लोहाराकडे नीट करून घ्यावा लागला, पुढे ठिणगी पाडणारा भाग बिघडला. चालत्या वेळेने भागलं तर सरासरी ताशी सात मैलांच्या जवळ जाते. घड्याळी वेळेने भागलं तर जेमतेम सव्वापाच. जाहिरातीत कोणता आकडा गेला असेल ते सांगायला नको. म्हणून नियम असा की सरासरी वेग कधी उतरवून घ्यायचा नाही. अंतर आणि दोन्ही वेळा घ्यायच्या आणि भागाकार स्वतः करायचा.

आता तारीखवहीचा नियम लावा: त्या दिवशी कोण कुठे होतं? गाडी फ्रँक चालवत होता, शेजारी पंच म्हणून आर्थर व्हाइट. आणि चार्ल्स? तो मागून घोड्यांच्या बर्फगाडीतून येत होता. अमेरिकेतली पहिली मोठी मोटारशर्यत जिंकणाऱ्या कंपनीचा थोरला भाऊ घोड्यांच्या मागे बसून ती बघत होता. दुसऱ्या आलेल्या बेन्झमध्ये तर चालक ऑस्कर मुलर थकून शुद्ध हरपून पडला आणि पंच चार्ल्स किंग यानेच गाडी शेवटपर्यंत आणली. हाच किंग पुढे तीनेक महिन्यांनी, मार्च १८९६ मध्ये, डेट्रॉइटच्या रस्त्यावर स्वतःची गाडी घेऊन उतरला. प्रत्येक नावापुढे जागा लिहिली की असे धागे आपसूक हाती लागतात. मिळालेलं बक्षीस दोन हजार डॉलर.

एकाच तारखेच्या दोन बातम्या शेजारी ठेवण्याचाही सराव करा. ३० मे १८९६ घ्या. कॉस्मोपॉलिटन मासिकाने न्यू यॉर्कहून अर्व्हिंग्टनला जाऊन परत यायची शर्यत ठेवली होती, ती ड्युरियाने जिंकली. त्याच दिवशी न्यू यॉर्कमध्येच हेन्री वेल्स नावाच्या माणसाची ड्युरिया एव्हलिन टॉमस या सायकलवरच्या बाईला धडकली. तिचा पाय मोडला, वेल्सला कोठडीत बसावं लागलं. हा त्या शहरातला नोंदलेला पहिला मोटार अपघात म्हणून सांगितला जातो. कंपनीच्या लोकांनी पहिली बातमी जपली, दुसरी विसरले. दोन्ही एकाच पानावर लिहा.

लंडन-ब्रायटनचं प्रकरण याहून चिवट आहे. १४ नोव्हेंबर १८९६ला ब्रिटनमध्ये मोटारींवरची जुनी बंधनं सैल झाली, त्याचा आनंद म्हणून लंडनहून ब्रायटनला गाड्यांची मिरवणूक निघाली. दोन ड्युरियाही समुद्र ओलांडून आल्या होत्या. अमेरिकन मजकूर सांगतो ड्युरिया सगळ्यांच्या आधी पोचली. ब्रिटिश मजकूर मान देतो फ्रान्सच्या बोले या गाडीला. अशा ठिकाणी निकाल देऊ नका. दोन्ही बाजू लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या देशातल्या, कोणत्या सालच्या कागदात आहे ते लिहा. "बहुधा" घालून एक बाजू निवडायचा मोह होतो. तो आवरा.

तेरा म्हणजे किती

उत्पादनाचे आकडे ही सगळ्यात निसरडी जागा. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत घोषणा केलेल्या, अर्धवट बांधलेल्या, पूर्ण झालेल्या आणि विकलेल्या असे चार आकडे असतात आणि छापील यादीत त्यातला कुठलाही एक बसलेला असतो. ड्युरियांचा तेराचा आकडा १८९६ मध्ये पूर्ण झालेल्या गाड्यांचा. त्यात १८९३ची प्रयोगाची गाडी नाही आणि शिकागोची शर्यत जिंकणारीही नाही. "एकूण किती ड्युरिया" असं कोणी विचारलं तर आधी उलट विचारा, कोणत्या वर्षांच्या आणि कुठल्या गावच्या.

दुसरा प्रश्न "एकसारख्या" या दाव्याचा. एकाच ड्रॉइंगवरून तेरा नग काढणं आणि एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत फाइल न लावता बसणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरी गोष्ट साधायला माप पडताळायचे गेज लागतात, प्रत्येक नग एकाच जागी धरून ठेवणारे जिग लागतात, आणि ते सगळ्यांना परवडत नाही. तुमच्या कंपनीबद्दल "अदलाबदल होणारे भाग" असं वाचलंत तर यंत्रांची यादी, गेजांची खरेदी, निदान फोरमन कोणत्या कारखान्यातून आला याची नोंद शोधा. नसेल तर तो शब्द वापरू नका.

विकलेल्या गाड्या शोधायला भलतीकडेच डोकवावं लागतं. एक ड्युरिया बार्नम अँड बेली सर्कशीने घेतली होती आणि १८९६च्या मिरवणुकीत हत्ती-घोड्यांबरोबर फिरवली. सर्कशीचं पोस्टर हा मोटारीच्या इतिहासाचा कागद आहे हे मोटारीच्या संग्रहात बसून कधीच सुचत नाही.

इमारत आणि शेजार

कारखाना किती मोठा होता हे कंपनीच्या लेटरहेडवरच्या चित्रावरून ठरवू नका. त्या चित्रात धुराडी नेहमीच जास्त असतात. सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे बघा. काँग्रेस ग्रंथालयाने हजारो शहरांचे नकाशे खुले केलेत. एका इंचाला पन्नास फूट असं साधारण प्रमाण असतं. गुलाबी रंग म्हणजे विटांची इमारत, पिवळा म्हणजे लाकडी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मजले किती, बॉयलर कुठे, उष्णता कशाची, दिवे गॅसचे की विजेचे, रात्री पहारेकरी आहे की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं, कारण विमा कंपनीला खोटं सांगून भागत नसे. पुष्कळ मोटार कंपन्यांचा "कारखाना" म्हणजे दुसऱ्याच्या मशीनशॉपमधला भाड्याचा मजला होता, ते या नकाशावर उघडं पडतं. १८९३ची ड्युरिया तरी कुठे स्वतःच्या जागेत झाली? रसेल यांच्या मशीनशॉपमधली जागा भाड्याने घेऊन झाली.

शहराच्या वार्षिक डिरेक्टऱ्या जोडीला घ्या. माणसाचं नाव, धंदा, घराचा पत्ता. एखादा मेकॅनिक यंदा "मोटर वॅगन कंपनी" आणि पुढल्या साली "बंदूक कारखाना" असा दिसला की कामगार कुठे गेले हे कळतं. माहिती गोळा होऊन छापून यायला काही महिने जात, तेव्हा एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा.

कंपनीच्या नोंदणीचे कागद राज्याच्या सचिवालयात असतात. ते त्याच राज्यात सापडतील असं मात्र धरू नका. न्यू जर्सी, मेन, वेस्ट व्हर्जिनिया इथले कायदे कंपन्यांना सोयीचे होते, आणि कारखाना एकीकडे, नोंदणी तिसरीकडेच, असं सर्रास चाले.

कंपनी जरा मोठी असेल तर

तेरा गाड्यांऐवजी हजारो गाड्या काढून झटकन मिटलेली कंपनी तुमच्या वाट्याला आली तर मार्ग बदलतो. डेट्रॉइटची ई-एम-एफ घ्या. एव्हरिट, मेट्झगर आणि फ्लँडर्स या तिघांनी १९०८ मध्ये काढली. फ्लँडर्स फोर्डकडे उत्पादन सांभाळून आलेला. गाड्या विकायचं काम घोडागाड्यांवर मोठी झालेल्या स्टुडबेकरकडे होतं. दीड वर्षात भांडण कोर्टात गेलं, १९१० मध्ये स्टुडबेकरने सगळी कंपनीच घेतली आणि १९१२ अखेर नावही पुसलं. अशा ठिकाणी कोर्टाच्या फायली हा खजिना. प्रतिज्ञापत्रात माणसं करार, किमती, ऑर्डरी सगळं शपथेवर सांगतात, आणि समोरचा वकील ते तपासत असतो. फेडरल कोर्टाच्या जुन्या फायली नॅशनल अर्काइव्हजच्या विभागीय केंद्रांत असतात.

ई-एम-एफच्या आद्याक्षरांवरून "रोज सकाळी दुरुस्त करा" अशा अर्थाची थट्टा अमेरिकाभर चाले. प्रत्येक लेखात ती येते. लोक काय हसत होते याचा तो पुरावा आहे, मागच्या अॅक्सलमध्ये काय बिघडत होतं याचा नाही. एकदा सांगा आणि सोडून द्या.

गाडी बघायला जाल तेव्हा

१८९३ची ड्युरिया वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, १९२० मध्ये दान मिळालेली. तेरातली एक डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तेरातली तेवढीच उरली, असं ते संग्रहालय सांगतं. जुनी गाडी बघताना मी तिला तीन थरांत वाचते. कारखान्यातून निघाली तेव्हाचं काय, मालकाने चालवताना बदललं काय आणि नंतर पुनर्बांधणी करणाऱ्याने घातलं काय. बोल्ट बघा, वायर बघा, रंगाच्या कडा बघा. टायर तर जवळजवळ कधीच मूळचे नसतात. समोरच्या पाटीवरचं साल हा त्या गाडीचा भाग समजू नका. पाटी संग्रहालयाने लावलेली असते, आणि पाट्या बदलतात.

मग संग्रहाला पत्र लिहा. डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयाचा मोटार इतिहास संग्रह, डिअरबॉर्नचं बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र, पेनसिल्व्हेनियात हर्शी इथलं जुन्या मोटारींच्या क्लबचं ग्रंथालय, स्प्रिंगफील्डचं शहर इतिहास संग्रहालय. "ड्युरियाबद्दल काय आहे ते पाठवा" असं लिहिलंत तर तयार माहितीपत्रक येईल. एका पत्रात एकच प्रश्न विचारा, त्यात एक तारीख आणि एक नाव घाला: सप्टेंबर १८९२ ते सप्टेंबर १८९३ या काळात चार्ल्सने पिओरियाहून फ्रँकला लिहिलेली पत्रं तुमच्याकडे आहेत का? असल्यास यादीतला पेटीक्रमांक कळवा. पेटीक्रमांक मागितला की पलीकडचा माणूस उठून कपाटापर्यंत जातो.